मिलिवॉटचा हिशेब

सकाळी साडेसात

प्रयोगशाळेचं दार उघडण्याआधी बाहेरच्या भिंतीवरचा डिस्प्ले वाचायचा. हायड्रोजन सल्फाइड शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य, ऑक्सिजन २०.९ टक्के. मग एक्झॉस्टची घरघर नीट येते का ते ऐकायचं आणि त्यानंतरच कार्ड लावायचं. नव्या मुलांना हा क्रम मी पहिल्याच दिवशी शिकवते. सडक्या अंड्यांचा वास आला की आपण बाहेर पळू, असं त्यांतल्या प्रत्येकाला वाटत असतं, आणि हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत नाकावर विसंबण्यासारखा धोका नाही. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसतो तेव्हाच वास येऊ लागतो. प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास जातो, गॅस तिथेच असतो. ७०० ते १००० पीपीएमला गटारात उतरलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला मागोमाग उतरलेलाही.

म्हणून नाकाच्या जागी काहीतरी हवं. ते सतत जागं राहणारं हवं आणि माणसाच्या खांद्यावर मावणारं हवं. पुण्यातल्या आमच्या छोट्या गटाचं काम एवढंच आहे.

सव्वाआठ

रात्रभर चालू ठेवलेल्या चिपांचे आलेख बघते. बाहेर झड लागली आहे. पहाटे तीननंतर सगळ्या रेषा हळूहळू खाली उतरल्यात. गॅस कुठेही नव्हता, फक्त हवेतला दमटपणा वाढला होता.

टिन ऑक्साइडचं वागणं असं: तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, त्यामुळे विजेला होणारा रोध वाढतो. हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन यांच्यासारखा वायू आला की त्याची या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घसरतो. ही घसरण मोजायची. पण पाण्याची वाफही तिथेच येऊन बसते आणि रोध खाली ओढते. या चिपसाठी एप्रिलमधलं पुणं आणि जुलैमधलं पुणं ही दोन वेगळी गावं आहेत. कोरड्या कृत्रिम हवेत मोजलेले सुंदर आकडे असलेले शोधनिबंध वाचताना माझं मन भरत नाही ते याचमुळे. गटारात कोरडी हवा कुठून येणार? आमच्याकडे ८५ टक्के आर्द्रतेत न टिकलेली चिप पुढच्या टेबलावर जात नाही, मग तिची संवेदनशीलता कितीही असो.

दारावर एक कागद लावलेला आहे: केसांचं सीरम लावून येऊ नये, सिलिकॉन सीलंट आत आणू नये, सॅनिटायझर बाहेरच वापरावा. पाहुणे तो वाचून थबकतात. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं सेन्सर काही वेळ उगाच ओरडतो, पुन्हा ठिकाणावर येतो. सिलिकॉनचं मात्र तसं नाही. त्याच्या वाफेतून तापलेल्या पृष्ठभागावर सिलिकाचा थर चढतो आणि सेन्सर कायमचा आंधळा होतो. हीटर चालू, दिवा चालू, आकडा शून्य, आणि तो शून्य खोटा.

साडेनऊ

सूक्ष्मदर्शकाचं टेबल. दिवसातला सर्वांत नाजूक वेळ हा, आणि मला सर्वांत आवडणाराही.

चिपही सिलिकॉनचीच, पण हे सिलिकॉन म्हणजे मूलद्रव्य, सीलंटमधला त्याचा नावबंधू वेगळा. ती जेमतेम दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची. मधल्या भागातलं सिलिकॉन मागच्या बाजूनं कोरून टाकलेलं असतं. तिथे उरतो सिलिकॉन ऑक्साइड आणि नायट्राइडचा, एका मायक्रॉनच्या आसपास जाडीचा पडदा, डफाच्या कातड्यासारखा चारही बाजूंनी ताणलेला. पडद्यावर प्लॅटिनमची नागमोडी रेघ असते, तोच हीटर. त्याच्यावर विद्युतरोधक थर, सोन्याची दोन टोकं, आणि सर्वांत वर टिन ऑक्साइडचा ठिपका. वीज सोडली की ठिपका ३०० अंशांवर जातो, पण पडद्याभोवतीची सिलिकॉनची चौकट जवळपास खोलीच्याच तापमानाला राहते. इतक्या पातळ पडद्यातून उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते. ऊर्जेची सगळी बचत इथून सुरू होते.

अशा चिपा घडवायला जी यंत्रं लागतात ती प्रत्येक संस्थेकडे असणं शक्य नाही. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी यांच्या नॅनो फॅब्रिकेशन सुविधा देशभरच्या संशोधकांना वापरता याव्यात म्हणून इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम सुरू झाला. त्याचा फार मोठा आधार छोट्या गटांना मिळाला. पडदा तिथे घडतो, ठिपका इथे ठेवायचा.

ठिपका ठेवते आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कारण तिचा हात सर्वांत स्थिर आहे. टिन ऑक्साइडची भुकटी, चिकटपणासाठी सेंद्रिय द्रव, आणि केसाहून फार जाड नसलेली सुई. थेंब मोठा पडला तर भाजताना तडकतो, छोटा पडला तर दोन टोकं जोडली जात नाहीत, आणि सुई पडद्याला टेकली तर पडदा गेलाच. नंतर भट्टी, आणि शेवटी २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या तारांनी चिप तिच्या घरात जोडायची.

"मॅडम, हा जरा डावीकडे सरकलाय."

"राहू दे. मोजू या. डावीकडे सरकल्यानं किती फरक पडतो तेही कळायला हवं."

ही सगळी विद्या काल-परवाची नाही. जपानमध्ये घरगुती गॅसच्या स्फोटांची भीती होती, तेव्हा नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट १९६२ मध्ये दाखल केलं, आणि १९६८ साली असे सेन्सर बाजारात आले. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारे एमक्यू मालिकेतले सेन्सर त्याच घराण्यातले. तत्त्व उत्तम, पण हीटरची भूक मोठी: ८०० मिलिवॉटच्या आसपास. भिंतीवरच्या प्लगला लावायचं असेल तर हरकत नाही. माणसाच्या खांद्यावर प्लग नसतो.

अकरा

गॅसची चाचणी. इथे एकट्यानं काम करायचं नाही असा नियम आहे आणि तो माझ्यासाठीही आहे. सिलिंडर मिश्रणाचा असतो: नायट्रोजनमध्ये थोडासा हायड्रोजन सल्फाइड, सोबत प्रमाणपत्र. प्रवाह-नियंत्रकांतून तो शुद्ध हवेत मिसळायचा, हवा आधी पाण्यातून बुडबुडवून हवी तेवढी दमट करायची, आणि टेफ्लॉनच्या नळीतून पोलादी कोठडीत सोडायची. बाहेर पडणारा गॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धुऊन मगच वर जातो. पहिल्या वेळी आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण हा वायू नळ्यांच्या भिंतींना चिकटतो. भिंती तृप्त होईपर्यंत कोठडीत काय पोचतंय ते सांगता येत नाही. घाई करणाऱ्याला हा वायू हमखास फसवतो.

आज टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइडचे कण पेरलेल्या चिपा आहेत. या जोडीची रीत विलक्षण आहे. दोन्ही पदार्थ एकमेकांना टेकतात तिथे विजेला अडथळा तयार होतो, म्हणून स्वच्छ हवेत रोध खूप जास्त असतो. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, ते जवळपास धातूसारखं वाहक असतं, अडथळे कोसळतात आणि रोध अनेक पटींनी घसरतो. इतर वायूंपासून हा एक वायू वेगळा ओळखायला याच्याइतका सरळ मार्ग मला दुसरा ठाऊक नाही.

या जोडीवर मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्रातही काम झालेलं आहे. कोटा आणि मणुगुरू इथल्या प्रकल्पांत हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी यांच्यातल्या विनिमयातून जड पाणी काढतात, म्हणजे या विषारी वायूचे मोठे साठे सांभाळावे लागतात. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या थळच्या प्रकल्पाची पद्धत वेगळी, अमोनियाची. गटारातल्या माणसाच्या आणि अणुऊर्जेच्या गरजा त्याच दोन ऑक्साइडांपाशी येऊन भेटाव्यात, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. गॅस गेल्यावर सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड व्हायला उष्णता लागते आणि वेळ लागतो. वीज वाचवायला हीटर कमी तापवला तर चिप सल्फाइडच्याच अवस्थेत रेंगाळते आणि पुढचा गॅस तिला नवा वाटत नाही. जास्त तापवला तर बॅटरी संपते. आमचं निम्मं संशोधन या एका ओढाताणीत गेलं आहे.

दीड

डबा. हात दोनदा धुऊन, दुसऱ्या मजल्यावर. नवीन मुलगा विचारतो, "इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला तर हीटरच लागत नाही. मग आपण हे कशाला करतोय?" प्रश्न रास्त आहे. त्या सेन्सरमध्ये रासायनिक प्रक्रियेतूनच प्रवाह येतो, वीज जवळपास लागत नाही, आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी आजही तोच जास्त भरवशाचा. आमच्या दारावरचा तोच आहे. पण त्यातला द्रव उन्हाळ्यात सुकतो, दोन-तीन वर्षांत तो बदलावा लागतो, आणि मिथेनसाठी तो चालत नाही. मिथेनसाठी हातातल्या चार-गॅस यंत्रांत तापणारा मणी असतो, आणि बॅटरी खातो तो मणीच. एका सिलिकॉनवर चार पडदे, चार वेगळे ठिपके, चार वायू, आणि तेही हजारोंनी छापता येण्याजोगं: हे शक्य आहे ते फक्त चिपमध्ये. त्याला हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण भाजी संपेपर्यंत तो वाद घालत राहिला, आणि ते मला आवडलं.

अडीच

इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारा सहकारी फळ्यासमोर उभा आहे. फळ्यावर एकच हिशेब महिनोन्‌महिने आहे, फक्त आकडे पुसून नवे लिहिले जातात.

घड्याळात असतो तसा सीआर २०३२ सेल घ्या: ३ व्होल्ट, सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास. म्हणजे ऊर्जा पाऊण वॉट-तासाहूनही कमी, ०.६७५. जुना ८०० मिलिवॉटचा सेन्सर त्यावर चालवायचा म्हटलं तर हिशेबानं तासभरही चालणार नाही, आणि खरं तर एवढा प्रवाह तो सेल देणारच नाही. आमचा पडदा १५ मिलिवॉटमध्ये तापतो. सतत तापता ठेवला तर ४५ तास. दोन दिवससुद्धा नाहीत.

पण पडद्याला वजनच नसल्यासारखं आहे, त्यामुळे तो काही मिलिसेकंदांत तापतो आणि तेवढ्याच वेळात थंड होतो. मग सतत कशाला तापवायचा? दर दहा सेकंदांनी पन्नास मिलिसेकंदांचा एक ठोका देऊन तापवायचा, त्या क्षणात रोध वाचायचा आणि पुन्हा झोपवायचा. सरासरी खर्च १५ मिलिवॉटवरून ७५ मायक्रोवॉटवर येतो. त्याच सेलवर ९००० तास, वर्षाहून थोडं जास्त. प्रोसेसर आणि रेडिओचा खर्च वेगळा, आणि ठोक्याच्या वेळचा धक्का सोसायला कपॅसिटर लागतो. तरीही ४५ तासांचं एक वर्ष होतं ते पदार्थ बदलून नाही, केवळ पडदा पातळ असल्यामुळे.

दहाऐवजी तीस सेकंद का नकोत, असा आग्रह अधूनमधून होतो, बॅटरी तिप्पट टिकेल म्हणून. मी तो मानत नाही. एक-दोन श्वासांत माणूस पडतो तिथे तीस सेकंद म्हणजे कितीतरी श्वास. गॅस वाढला की यंत्रानं आपणहून ठोके जवळ आणायचे, अशीही सोय केली आहे, पण मूळचे दहा सेकंद मी वाढवू देणार नाही.

आणखी एक गोष्ट फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली आहे: "३०० अंश + मिथेन". मिथेन हवेत ५ टक्क्यांवर गेला की स्फोटक होतो, आणि आम्ही तिथे तापलेला ठिपका पाठवतो. ठिपका इतका छोटा की पेट घेणं अवघड, पण अवघड या शब्दावर कुणाचा जीव टांगता येत नाही. म्हणून टोपीवर बारीक धातूची जाळी असते. ज्वाळा जाळीतून जाताना थंड होऊन विझते, हे हम्फ्री डेव्हीनं १८१५ साली खाणीतल्या दिव्यासाठी दाखवलं. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या (पेसो) मंजुरीशिवाय असं यंत्र स्फोटक वातावरणात वापरता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

चार

जीपमधून एका नगरपालिकेच्या ड्रेनेज लाइनवर. पाऊस थांबलाय. जेटिंग-सक्शनची गाडी उभी आहे, चेंबरचं झाकण काढून बराच वेळ झालाय. आमची पेटी दोरीला बांधून खाली सोडतो, शेजारी बाजारातलं प्रमाणित चार-गॅस यंत्र. दोन्ही आकडे जवळजवळ शून्य.

"बघा, काही नाही," गाडीचा ड्रायव्हर म्हणतो.

जेटिंग सुरू होतं. खालचा गाळ ढवळला जातो आणि दोन्ही यंत्रांवरचे आकडे चढू लागतात, आधी प्रमाणित यंत्राचे, मागोमाग आमचे. झाकण उघडल्यावर एकदा मोजून "सुरक्षित" म्हणण्याची पद्धत कुठे फसते ते इथे दिसतं. बंद, कुजक्या गाळात हवा नसते. तिथले जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात आणि ते पाण्यात, गाळात विरघळून पडून राहतं. पाय पडला, पहार घुसली, पाण्याचा झोत लागला, की ते एकदम बाहेर येतं. हवेहून जड असल्यामुळे तळाशीच साचतं. उतरण्याआधी मोजलेला शून्य खरा असतो आणि तरीही माणूस मरतो. एकदा मोजणाऱ्या यंत्राला कितीही वीज चालेल. शेवटपर्यंत मोजत राहणाऱ्याला मात्र एकेका मिलिवॉटचा हिशेब द्यावा लागतो.

गाडीवर एक वयस्क काका आहेत. निवृत्तीला आलेले. पूर्वी कसं बघायचात, मी विचारते.

"झुरळं बघायचो, ताई. झाकण काढलं आणि झुरळं फिरताना दिसली, की उतरायचं. नाही दिसली तर थांबायचं. कुणी कुणी काडी पेटवून टाकायचे."

काडी, जिथे मिथेन असू शकतो तिथे. बोलताना त्यांच्या आवाजात काही वेगळं नाही, रोजच्या कामाची रीत सांगावी तसं सांगतात. त्यांच्या गटातल्या एकाला गॅस लागला होता, हेही तसंच सांगतात.

माणसाला असं उतरवणं कायद्यानं बंद आहे. २०१३ च्या कायद्यानं गटारं आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेणं गुन्हा ठरवलं. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आणि ही प्रथा पूर्णपणे संपवण्याचे निर्देश दिले. तरी सोसायट्यांच्या टाक्यांत, ठेकेदारांच्या कामांवर, माणसं उतरवली जातात आणि मरतात. म्हणून आमच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर मी एक वाक्य ठळक छापते: हे यंत्र म्हणजे चेंबरमध्ये उतरण्याची परवानगी नव्हे. ते वर उभं राहून जेटिंग करणाऱ्यांसाठी आहे, पंपघरात काम करणाऱ्यांसाठी आहे, कायमचं चेंबरात टांगून ठेवण्यासाठी आहे. चांगला सेन्सर आला म्हणून कुणी माणूस खाली पाठवला, तर आमच्या कामाचा तो सरळ दुरुपयोग आहे, आणि हे मी प्रत्येक बैठकीत बोलते, ऐकणाऱ्याला आवडो न आवडो.

दोरी वर ओढताना काका पेटी हातात घेऊन उलटसुलट बघतात.

"ताई, हे गप्प राहिलं, तर गॅस नाही म्हणून गप्प, की मेलंय म्हणून गप्प? आम्हाला कसं कळायचं?"

सव्वासहा

परत टेबलावर. गाडीत कुणी फार बोललं नाही, पण सगळे त्याच प्रश्नावर होते.

हीटर जिवंत आहे का ते कळणं सोपं. प्लॅटिनमचा रोध तापमानानं बदलतो, तो वाचला की पडदा फाटला की नाही ते समजतं, तेही फुकट. पण सिलिकॉनच्या वाफेनं आंधळा झालेला ठिपका हीटरवरून ओळखता येत नाही. पक्का उपाय एकच, बंप टेस्ट: कामाला लागण्याआधी ठाऊक असलेल्या गॅसचा एक झोत देऊन यंत्र ओरडतं का पाहायचं. ती रोज व्हावी असं आम्ही लिहूच. मात्र चेंबरात महिनोन्‌महिने टांगलेल्या पेटीला रोज गॅस कोण देणार?

दुसरा मार्ग सहकारी सुचवतो. दर मिनिटाला एक लांब ठोका द्यायचा, २०० मिलिसेकंदांचा, नेहमीपेक्षा वेगळ्या तापमानाला. निरोगी ठिपक्याचा रोध दोन तापमानांना ठरावीक गुणोत्तरात बदलतो. थर चढला की ते गुणोत्तर बिघडतं. बंप टेस्टची जागा हे घेऊ शकत नाही, पण दोन चाचण्यांच्या मधल्या काळात यंत्र निदान स्वतःबद्दल शंका घेऊ शकेल.

फळ्यावरचा आकडा पुसला जातो. लांब ठोक्याचे ५० मायक्रोवॉट वाढले. ७५ चे १२५ झाले, ९००० तासांचे ५४००. वर्षाचे साडेसात महिने. एवढ्या मुश्किलीनं कमावलेलं एका प्रश्नापायी गेलं, पण त्याबद्दल आमच्यात वाद झाला नाही. बटण-सेल सोडून द्यायचा आणि लिथियम थायोनिल क्लोराइडचा एए आकाराचा सेल घ्यायचा, ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-तास. त्यात बारापटीहून जास्त ऊर्जा. वजन तीन ग्रॅमऐवजी अठराच्या आसपास, आणि पेटीचा साचा नवा करावा लागेल.

दिव्याचा अर्थही उलटा करायचा ठरतो. आजवर गॅस आला की लाल लागायचा, एरवी अंधार. आता स्वतःची तपासणी पास झाली तरच दर दहा सेकंदांनी हिरवा लुकलुकेल. अंधार म्हणजे यंत्र मेलं असं धरून बाजूला व्हायचं.

सात

काकांच्या मुकादमाला फोन लावते आणि काकांना हे सांगायला विनवते. काका शेजारीच होते, फोन घेतात. ऐकून घेतात, मग म्हणतात, "दिवा उन्हात दिसत नाही, ताई. आणि जेटिंग चालू असलं की कानावर काही पडत नाही."

म्हणजे थरथरणारी मोटर हवी, मोबाइलमध्ये असते तशी, खांद्याला कळेल अशी. तिला एका वेळी खूप प्रवाह लागतो, कपॅसिटर मोठा करावा लागेल. सहकाऱ्यानं खडू उचललाय. नव्या सेलमध्ये तेवढी जागा आहे.